खणात दडवलेल्या गोळ्या

मित्रांनो, मळवलीच्या हमीदभाईंच्या घरात खिडकीपाशी बसलेलं पायाचं शिलाई मशीन म्हणजे मी. हमीदभाई बंगले सांभाळतात आणि त्यांची बायको ताजुन्निसा माझ्यावर गावाचे कपडे शिवायची. "ताजूभाभीची शिलाई उसवायची न्हाई," असं बायका म्हणत, आणि मी उगाच फुगून जाई.

ताजूच्या हृदयात धातूची झडप आहे. तिथं गुठळी होऊ नये म्हणून ती रोज रक्त पातळ करणारी गोळी घेते. गेल्या वर्षी तिच्या मानेवर गाठ आली, ती टीबीची निघाली. दुसऱ्याला लागण होईल अशी नव्हती, सहा महिन्यांत बरी होणारी होती. पण लेकीचं, गुलनाजचं लग्न ठरत होतं ना! टीबीचं नाव निघालं तर स्थळ मोडेल, म्हणून तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. बटणं आणायच्या निमित्ताने ताजू त्या गोळ्या आणी आणि माझ्या खणात रिळांखाली दडवी. हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, असं टीबीच्या दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं. पण दुसरी काही औषधं चालू आहेत का, असं त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शेजारी हमीदभाई बसलेले.

"मी न्हाई म्हनले," तिने शेजारच्या शालूबाईला सांगितलं.

"अगं बये, सांगून टाक की!"

"लगीन झाल्यावर सांगते."

आता नीट ऐका. टीबीच्या त्या गोळीने यकृताचं काम वाढतं आणि दुसरी औषधं ते झपाट्याने मोडून टाकतं. ताजूचं रक्त पातळ होईना. हृदयाचे डॉक्टर चक्रावले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस वाढवत गेले. मग टीबी बरा झाला, माझ्या खणातल्या गोळ्या संपल्या. ताजू गुणगुणत गुलनाजचा शरारा शिवायला बसली. इकडे यकृत हळूहळू जुन्या चालीवर आलं, वाढवलेली गोळी मात्र तशीच चालू राहिली आणि रक्त नको इतकं पातळ होत गेलं. लग्नाच्या गडबडीत रक्ततपासणीही राहिली. हिरड्यांतून रक्त आलं तर म्हणाली, "ब्रश लागला." चार दिवसांनी भरदुपारी ती माझ्यावरच कलंडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं.

दोरा शोधताना गुलनाजला खणात रिळांखाली टीबीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. हमीदभाई ते हातात धरून रडले. "मला सांगायचं तरी, ताजू. मी काय खाल्लं असतं तुला?"

मित्रांनो, मला फार वाईट वाटतं. पण मी मशीन, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. घरातलं कुणी डॉक्टरकडे निघालं की चालू असलेल्या आणि नुकत्याच संपलेल्याही सगळ्या गोळ्या सोबत द्या, लाज बाळगू नका. ताजूला आता सगळं सांगायचं असतं. ती डाव्या हाताने माझा खण दाखवते, ओठ हलवते, आणि कुणालाच काही कळत नाही.