प्रस्थापित

मंगळवारी वृषालीचं सेमिनार होतं आणि रविवारी सकाळी पप्पांनी तिच्या हातात गाडीची चावी ठेवली.

"गावातनं सेटटॉप बॉक्स गोळा करून आण. ज्यांनी केबल सोडली त्यांचे."

"पप्पा, माझा अभ्यास आहे."

"मी गेलो तर भांडणं व्हतील. तू गेलीस तर च्या तरी देतील."

हे मात्र खरं होतं. तिचे पप्पा, बाळासाहेब केबलवाले, म्हणजे कळंबमधला तापट माणूस. कनेक्शन तोडलेल्या माणसाशी ते रस्त्यात बोलतसुद्धा नसत. आणि आता निम्मं गाव न बोलण्यासारखं झालं होतं.

वृषाली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सेमिनारचा विषय तिला चिठ्ठीत आला होता: डिजिटल माध्यमांच्या धंद्यातलं 'डिसरप्टिव्ह इनोव्हेशन'. म्हणजे काय, तर स्वस्त, सुरुवातीला फालतू वाटणारी एखादी नवी गोष्ट खालून येते, मोठे धंदेवाले तिच्याकडे बघून हसतात, आणि हसता हसता त्यांचाच धंदा बसतो. पुस्तकात या मोठ्या धंदेवाल्यांना 'प्रस्थापित' म्हटलं होतं. ते वाचून तिचं डोकंच उठलं. मोटारसायकलला शिडी बांधून भर उन्हात खांबावर चढणारे तिचे पप्पा म्हणे प्रस्थापित!

पहिल्याच घरी साळुबाईंनी बॉक्स काढून ठेवला होता, पुसूनबिसून. रिमोट पिशवीत बांधलेला.

"आलीच हायेस तर एक काम कर गं बाई," त्या म्हणाल्या. "ह्यो नवा वायफाय माज्या मोबाईलला जोडून दे. नातू फोनवर लई वेळ सांगत बसला, मला काय उमगंना."

ज्या वायफायनं पप्पांची केबल तोडली, तोच वृषालीनं जोडून द्यायचा! पण म्हातारीला नाही कसं म्हणणार? तिनं जोडून दिला. वर साळुबाईंना मालिकेचा राहिलेला भाग लावूनही दिला. पुढच्या दोन घरांत तेच झालं. चौथ्या घरी ती चिडून म्हणाली, "मी केबलकडून आले आहे, वायफायकडून नाही!" तिथला माणूस हसला, "अवो ताई, वायर ती वायरच की."

शेवटी गेणभाऊंचं घर होतं. बॉक्स देताना ते मिश्किल हसत होते.

"तुजा बाप लई चिडलाय म्हनं? त्याला म्हनावं, मी बी असाच चिडलो व्हतो."

"कशावर?"

"त्याच्यावरच! माजं व्हिडिओ सेंटर व्हतं स्टँडपाशी. व्हीसीआर लावायचो, खोलीत माणूस मावायचं न्हाई. मग ह्यानं डिशची छत्री बसवली, घराघरात तारा नेल्या. आधी चित्र मुंग्या चालल्यागत दिसायचं. मी म्हनलं, ह्ये कोण बघणार? वरसात माज्या खोलीत शेळ्या बांधल्या." ते खो खो हसले. "आन् माज्यामुळं जत्रंतला शिनेमाचा तंबूवाला उठला व्हता, ते येगळंच."

घरी येऊन तिनं बॉक्स ओट्यावर आदळले आणि जेवायला बसलेल्या पप्पांना गेणभाऊंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

पप्पांचा चेहरा लाल झाला. "त्याचं येगळं व्हतं! माझा सिग्नल बघ, काचेवाणी क्लिअर हाय!"

"सिग्नलचा प्रश्नच नाही, पप्पा! दोन वर्षांपूर्वी मी घसा कोरडा करून सांगत होते, इंटरनेटची एजन्सी घ्या. तुम्ही काय म्हणालात? मोबाईलएवढ्या पडद्यावर पिक्चर कोण बघतंय!"

"मंग? कोण बघतंय?"

"तुम्ही! रोज जेवताना कुस्त्या कशावर बघता?"

आईनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. पप्पा ताटावरून उठून गेले.

मंगळवारी वृषालीनं सेमिनारमध्ये परदेशी कंपन्यांची उदाहरणं दिलीच नाहीत. तिनं कळंब सांगितलं. तंबू, व्हिडिओ सेंटर, केबल, वायफाय. वर्ग मन लावून ऐकत होता. शेवटी सरांनी विचारलं, "छान. पण मग तुझ्या वडिलांनी आता काय करावं?"

धंदा कसा बुडतो हे तिनं घडाघडा सांगितलं होतं. बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माणसानं काय करायचं, ते कुठल्याच पुस्तकात तिला सापडलं नव्हतं. "माहीत नाही, सर," ती म्हणाली आणि खाली बसली. परतताना बसमध्ये तिला सगळ्यांचाच राग येत होता: पुस्तकाचा, पप्पांचा, स्वतःचा.

घरी वायफाय कंपनीचा गोकुळ नावाचा सुपरवायझर चहा पीत बसला होता. कंपनीला या भागात लाईन दुरुस्त करायला माणूस हवा होता, पगारावर. गोकुळ गेल्यावर पप्पांनी कप बाजूला सारला.

"ज्यांनी माझा धंदा बुडवला त्यांच्याच तारा जोडू व्हय?" मग हळूच म्हणाले, "तुझं पुस्तक काय म्हणतंय?"

"पुस्तक काहीच म्हणत नाही, पप्पा," ती वैतागून म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पण तुम्ही घरात बसलात तर आमचं डोकं खाल, एवढं मला कळतं."

पप्पा हसले नाहीत. पण पुढच्या सोमवारी शिडी बांधून बाहेर पडले.

संध्याकाळी आले ते धुमसतच. प्रत्येक कामाचा फोटो कंपनीच्या ॲपवर टाकायचा होता आणि ॲप त्यांना दाद देत नव्हतं. वृषालीनं शिकवलं. त्यांनी भलतंच बटण दाबलं. पुन्हा शिकवलं. पुन्हा तेच.

"अहो, हिरवं! हिरवं दाबा, पप्पा!"

"दाबतोय की! खेकसतीस कशाला?"

आई आतून ओरडली, "जेवा आधी दोघं!"

"ऱ्हाऊ दे आता," पप्पांनी फोन तिच्याकडे सरकवला. "सकाळी निघायच्या आधी परत एकदा दाखव."