कम्प्युटरात अडकलेलं पाणी

चार दिवस झाले, पाणीवापर संस्थेचा कम्प्युटर सुरू होता होता मधेच बसत होता. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, खाली एक बारीक पांढरी रेघ लुकलुकायची, आणि बस! पुढे हलायचं नाव नाही. पुष्पांजलीनं तो शंभरदा बंद केला, शंभरदा चालू केला. तिचं डोकं असं तापलं होतं की त्यावर चहा ठेवला असता तर उकळला असता.

पुष्पांजली संस्थेची सचिव. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, धानाच्या वाफ्याला, कधी मिळणार, त्याची यादी तिनं उन्हाळाभर घरोघर फिरून केली होती. आणि यंदाची यादी नेहमीसारखी नव्हती बरं का. आजवर तलावालगतच्या बांध्या आधी काठोकाठ भरायच्या आणि नहराच्या शेवटच्या टोकाला पोचायचा तो नुसता चिखल. त्या टोकाला वच्छलाबाईची दोन एकर. बाई एकटीच्या हिमतीवर शेती करते आणि दोन वर्षं लागोपाठ तिचं धान गर्भातच वाळलं. म्हणून सभेत ठरलं, यंदा पाणी आधी टोकाला, मग चढत चढत वर. अध्यक्ष देवचंदभाऊंची जमीन सगळ्यात वर, तलावाला खेटून. हात त्यांनीही वर केला, कारण अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

सभेच्या वहीत ठराव लिहिला, पाणी यादीप्रमाणे सुटेल. यादी कुठे? कम्प्युटरात. पुष्पांजली तेव्हाच म्हणाली होती की छापून सगळ्यांच्या सह्या घेऊ. देवचंदभाऊ म्हणाले, थांब, अजून बदल होतील, शाई कायले नासवतेस. घ्या आता!

धान गर्भाशी आलेलं. आठवड्यात पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर पळंज, नुसती पोकळ टरफलं. आणि अशा वेळी देवचंदभाऊंनी गावात सांगून टाकलं की यादी मिळत नाही, तेव्हा उद्या दुपारी तुडुम, तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि पाणी जुन्या रीतीनं सोडायचं, म्हणजे वरून खाली. पुष्पांजली त्यांच्या घरी गेली. यादी तिला तोंडपाठ होती, पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत म्हणून दाखवली. तर म्हणे, तोंडी यादी चालत नाही. अहो, तलाव बांधला तेव्हापासून सगळा कारभार तोंडीच चालला ना! तेव्हा चालला आणि आज चालेना? वर म्हणाले, "मशीन बिघडली त्याले मी काय करू? तूच दिवसभर बटणं दाबून राहतेस."

हे तिला झोंबलं. रडू आलं असतं, पण रडायला फुरसत कुठे होती?

फुलचूरहून दुरुस्तीवाला बोलावला, हिमांशु. गडी मोबाईल कानाला लावूनच आत आला. एक स्क्रू खोलला नाही की पाठीमागची धूळ झटकली नाही. पाच मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, बोर्ड गेला, डिस्क गेली, नवीन घ्या. पुष्पांजलीनं विचारलं की बोर्ड गेला तर कंपनीचं नाव कसं दिसतं? "वो अलग चीज है मॅडम," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. अलग चीज म्हणे! चांगलं जिवंत माणूस सरणावर ठेवायला निघाला होता मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच कार्यालयात येऊन बसली. घरचा मोटरपंप अडला की ती एकेक वायर सोडवून पाहायची, तेवढी एक विद्या तिच्याजवळ होती. प्रिंटरची वायर काढली, बटण दाबलं. तेच. माऊस काढला. तेच. नेटची वायर काढली, तरी रेघ आपली लुकलुकतेच आहे. उरला कीबोर्ड. तो उपटला आणि बटण दाबलं. नाव आलं, रेघ आली, रेघ गेली, आणि पडदा निळा झाला.

"अगं माय," एवढंच ती बोलली.

मग तिनं कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. पिवळे तांदूळ पडले. एक नाही, दोन नाही, चांगले चिमूटभर, कुंकवानं चिकटलेले. दसऱ्याला गावात सगळ्या अवजारांची पूजा होते. कुदळ, फावडं, तुडुमाची चावी, आणि काही वर्षांपासून हा कम्प्युटरही. अध्यक्ष म्हणून यंदाची पूजा चार-पाच दिवसांपूर्वीच देवचंदभाऊंनी केली होती. कुंकवाचं ओलं बोट बटणांवर टेकवून वर मूठभर अक्षता! कोपऱ्यातलं एक बटण तांदळावर अडकून दाबलेलंच राहिलं आणि ते जुनं यंत्र, कोणी तरी बोट ठेवलंय असं समजून बिचारं थांबून राहिलं. पूजा करा, कोण नाही म्हणतं? पण मूठभर तांदूळ फेकायला त्या कम्प्युटरचं लग्न होतं का? आणि वर तोंड करून तिलाच विचारतात, बटणं दाबतेस म्हणून!

तिनं सगळी बटणं पुसली, कीबोर्ड पुन्हा जोडला, यादी काढली, छापली आणि ऊन कागद हातात घेऊन तलावाकडे धावत सुटली.

तुडुम उघडलं होतं. दुपारचं पाणी देवचंदभाऊंनी सकाळीच सोडलं होतं. नहराच्या काठावर दहा-बारा माणसं उभी, वच्छलाबाई एका बाजूला, आणि संस्थेचा चपराशी बिसराम तुडुमाची चावी घेऊन. पुष्पांजलीनं धापा टाकत कागद पुढे धरला. देवचंदभाऊंना ती गावच्या नात्यानं मामाजी म्हणायची.

"मामाजी, ही यादी."

देवचंदभाऊंनी कागद घेतला नाही. "सापडली का? बरं झालं. पुढच्या वर्षी पाहू. सुटलेलं पाणी मागं जाते का?"

"मागं नाही, खाली जाते. वरच्या बांध्यांची तोंडं बुजवा म्हणजे जाईल."

"कोणाकोणाची बुजवतेस?" देवचंदभाऊ शांतपणे म्हणाले. "माझीच भरून राहिली का? आपल्या शालीकरामले विचार ना."

तिनं वळून पाहिलं. देवचंदभाऊंच्या खालची बांधी तिच्या घरची. तिचा नवरा शालीकराम पोटरीभर पाण्यात फावडं घेऊन उभा होता आणि बांधीचं तोंड चांगलं हातभर उघडं होतं. यादीत आपलं नाव शेवटून दुसरं आहे हे तिनं त्याला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. चार दिवस ती घरात तळमळत होती तेव्हाही तो हो हो करत होता.

"आलं पाणी, तर मी काय करू?" शालीकराम खालीच बघत पुटपुटला. "आपण थोडंच मागायला गेलो."

देवचंदभाऊंचा राग, त्या फुलचूरवाल्याचा राग, सगळा एका क्षणात फिका पडला.

"फावडं द्या," ती म्हणाली.

त्यानं दिलं नाही. तिनं कागद वच्छलाबाईच्या हातात दिला, पदर खोचला आणि पाण्यात उतरली. हातांनी चिखलाचे गोळे उपसून एकावर एक बसवत तिनं स्वतःच्या बांधीचं तोंड बुजवलं. नखांत माती गेली, बांगडी फुटली, ती थांबली नाही. नहराचं पाणी खालच्या अंगाला वळलं.

"बिसरामभाऊ," ती मान वर न करता म्हणाली, "आता मामाजींची."

बिसरामनं चावी खाली ठेवली आणि वरच्या बांधीकडे निघाला.

"बिसराम, थांब," देवचंदभाऊ म्हणाले.

बिसराम थांबला नाही. वच्छलाबाई कागद घडी करून कमरेला खोचत पाण्याच्या बरोबरीनं खाली चालू लागली. पुष्पांजली हातांचा चिखल धुऊन तिच्यामागे गेली. शालीकराम फावडं घेऊन तिथेच उभा होता, आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.