पट्ट्यावरचे टाके

"उतर खाली. आधी उतर, मग काय ते बोल."

सुकदेवने गाडीचं दार ओढून उघडलं आणि भाच्याच्या पोटावरचं बक्कल स्वतःच दाबून सोडवलं. चारही पट्टे सुटले. पियुष हसत हसत उतरला, पण मामाचा चेहरा बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

सुकदेवचा राग अजिंठा चौफुलीवर सगळ्यांना ठाऊक होता. सीटकव्हर शिवता शिवता तो गिऱ्हाइकाची बिनपाण्याने करायचा, आणि गिऱ्हाईक मुकाट ऐकून घ्यायचं, कारण काम चोख असायचं. पण आजचा राग गिऱ्हाइकावरचा नव्हता. हा घरचा होता, आणि घरचा राग बाहेर काढायला जागा सापडत नाही.

पियुष म्हणजे थोरल्या बहिणीचा, कुंदाबाईचा एकुलता एक. धुळ्याच्या पुढे एक खासगी ट्रॅक झाला होता. तिथे रविवारी आपली रोजची गाडी पळवायची, असं या पोराच्या डोक्यात बसलं. सुकदेवने आधी शिव्या घातल्या आणि मग स्वतःच कामाला लागला, कारण पोरगा ऐकणार नव्हता आणि दुसऱ्या कोणी केलं असतं तर पत्र्याला भोक पाडून बोल्ट ठोकून मोकळा झाला असता. ड्रायव्हरला सीटला जखडून ठेवणारा रेसचा पट्टा कसा बसवतात ते बघायला तो नाशिकला एका रॅलीवाल्याकडे जाऊन राहिला. परत येऊन त्याने बोल्टांच्या खाली जाड पोलादी पट्ट्या दिल्या, म्हणजे जोर आला तरी पत्रा फाटू नये. सीटमागे आडवी नळी बसवून घेतली, म्हणजे खांद्यावरचे पट्टे सरळ मागे जावेत. मागची सीट काढून टाकली, कारण आता तिथे कुणी बसणं धोक्याचं होतं. आणि कंपनीचा मूळचा पट्टा मात्र रस्त्यावर वापरायला तसाच ठेवला.

एवढं सगळं करून गाडी पोराच्या हवाली केली, आणि हा शहाणा आठवड्याने काय घेऊन आला? काळ्या पट्ट्यांवर पिवळ्या दोऱ्याची शिवण. उजव्या खांद्यावर 'हिलाल', डाव्या खांद्यावर 'नाना'.

असा घट्ट साखळी टाका घालणारी एकच बाई सुकदेवला माहीत होती. ती या क्षणी दुकानात स्टुलावर बसलेली होती. मोतीबिंदूने एक डोळा गेल्यातच जमा होता. पोराला निरोप द्यायला ती सकाळीच त्याच्याबरोबर भडगावहून आली होती, आणि भाऊ आपल्या कामाला काय म्हणतो याची वाट बघत होती.

हिलाल नाना जाऊन दोन वर्षं झाली. कुंदाबाईने नवऱ्याचं नाव सबंध संसारात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तिने सुकदेवकडे बघितलं होतं. ते नाव तिने दाभणाने पोराच्या खांद्यावर शिवलं होतं. ते कळलं तसा सुकदेव जास्तच भडकला.

"दाभण घातलंय या पट्ट्यात, दाभण! याची सगळी ताकद विणीत असते. इथे किती ठिकाणी सूत तुटलंय बघ. गाडी कुठे धडकली तर नेमका इथूनच फाटेल."

"मामा, हळू बोला. आई ऐकेल."

"तुला माहीत होतं?"

पियुष बुटाने जमीन उकरत राहिला. "पट्ट्याबरोबरच्या कागदावर होतं, शिवू नका म्हणून. पण तिने इतक्या हौसेने मागितला. म्हणाली, मामाला विचारून घे. मी म्हटलं, विचारलं."

"माझं नाव सांगितलं तू?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मामा. आता रविवारपर्यंत नवा कुठून येणार? तिला काही बोलू नका. रविवार होऊन जाऊ द्या, मग गुपचूप बदलू."

सुकदेवचा हात उठला होता. अक्कासमोर तिच्या पोराच्या थोबाडीत मारायची नाही म्हणून तो खाली आला. पोरगा मरायला तयार होता, पण आईला नाही म्हणायला तयार नव्हता.

"सुकदेव," आतून हाक आली. "कसं दिसस रे नाव?"

त्याने खांद्याचे दोन्ही पट्टे नळीवरून सोडवले आणि आत नेऊन तिच्या मांडीवर ठेवले.

"अक्का, नाव चांगलं शे. पन पट्टा कामातून गया. दाभननं भोक पडनं का त्यानी ताकद जास. हाऊ आते पोऱ्याले धरनार नही."

कुंदाबाईने आपल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग दारात उभ्या असलेल्या पोराकडे बघितलं.

"तुले मालूम व्हतं?"

"आई, तू इतकं मन लावून..."

"मालूम व्हतं का नही, तितलं सांग."

"हो."

ती उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता.

"तेसना आजार बी तुमीन असाच झाकी ठेवेल व्हता. आखरीना दिनलगून 'बरं व्हई, बरं व्हई' करत ऱ्हायनात. दोन्ही जन. मी काय न्हानी पोर शे का?" मग ती फक्त पियुषला म्हणाली, "हिलालना पोऱ्या शे तू. खोटं बोलाले कोनी शिकाडं तुले?"

ते नाव ऐकून सुकदेवने चमकून तिच्याकडे बघितलं. आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं असावं, पण तिने पदर सावरला नाही की जीभ चावली नाही.

"कात्री आन," ती सुकदेवला म्हणाली.

"मी कापतो, अक्का."

"मना हातनं शे ते. मीच कापसू."

रेक्झिन कापायची मोठी कात्री होती, तरी पट्टा दाद देईना. पाती घसरत होती. तिचा अंगठा लालभडक झाला. सुकदेवने पियुषला खूण केली. पियुष पुढे आला आणि त्याने पट्ट्याचं दुसरं टोक ताणून धरलं. 'नाना' तुटलं. मग तिने उजवा पट्टा घेतला, अंगठ्याने अक्षरं चाचपली आणि बरोबर मधोमध कात्री लावली.

"बाजूनं काप ना, अक्का," सुकदेव न राहवून म्हणाला. "नाव तरी राहील."

"बाजूले कापं तं तुमीन परत जोडी लिशात."

तिने दोन्ही हातांनी जोर लावला. टाके आधी तुटले, मग पट्टा. कात्री मशीनवर ठेवून ती चपला शोधू लागली.

"सुकदेव, माले भडगावनी बस धराडी दे."

"आई, मी सोडतो ना गाडीने," पियुष म्हणाला.

ती पायऱ्या उतरली आणि भावाच्या मोटारसायकलीपाशी जाऊन उभी राहिली. पियुष होता तिथेच उभा राहिला. अर्धा पट्टा अजून त्याने दोन्ही हातांनी ताणून धरला होता, पण दुसऱ्या बाजूला आता कुणी नव्हतं.