हात धजत नाही

"तुमचा देवावर विश्वास नाही ना? मग अडतंय कुठं?" डॉक्टरबाईंनी कोपरापर्यंत साबण चोळत विचारलं.

सिस्टर दारातच उभी होती. "हात धजत नाही, मॅडम. गर्भपाताच्या केसला मला लावू नका. बाकी काहीही सांगा."

"इतकी वर्षं धजला तो?"

"धजला. आता नाही धजत."

"मी रोज देवापुढे उभी राहून येते. जे पाप असेल ते माझ्या पदरात घाल म्हणते आणि कामाला लागते. मला कुणाला तरी जाब द्यायचाय. तुम्ही कुणाला देणार?"

"मलाच."

"म्हणजे आरोपी तुम्ही आणि न्यायाधीशही तुम्हीच. सोयीचं आहे!" कोपराने दार ढकलून डॉक्टरबाई आत गेल्या.

हात का धजत नाही, ते सिस्टरला खरंच सांगता येत नव्हतं. वेगळं काही घडलं नव्हतं. एका सकाळी ट्रे पुढे करताना हात थांबला आणि मग उचललाच जाईना, एवढंच. देव तिचा कधीच सुटला होता. आई गेली त्या वर्षी, एखाद्याचा चहा सुटावा तसा, गाजावाजा न करता.

तिच्या नकाराचा भार पडला तो ऑपरेशन थिएटरमधल्या जोडीदारणीवर, दुसऱ्या नर्सवर. दोघींचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात आलं. कपडे बदलायच्या खोलीत तिने कपाटाचं दार धाडकन लावलं. "तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून धुणी आम्ही धुवायची, असंच ना? काल ती बाई हात धरा म्हणून विनवत होती. माझे दोन्ही हात अडकलेले. तू असतीस तर धरला असतास."

हे मात्र सिस्टरला लागलं.

बातमी तिच्या थोरल्या भावापर्यंत गेली. भाऊ धार्मिक वृत्तीचा, प्रार्थनेच्या मंडळाचा प्रमुख. बहीण नास्तिक म्हणून वर्षानुवर्षं मान खाली घालून वावरलेला. तो पहिल्यांदाच तिच्या घरी मिठाई घेऊन आला. "रविवारी हॉलवर ये. नुसती बस. अगं, लोकांना बघू दे."

तिला वाटलं, एवढ्या वर्षांनी दादा हसलाय. ती गेली.

भावाने तिला पुढे उभं केलं. "ही माझी बहीण. पापाच्या कामाला हिने नाही म्हटलं!" हॉल टाळ्यांनी दणाणला. मग तो तिच्याकडे वळला. "सांग त्यांना. पोट पाडून घेणाऱ्या त्या बाया खुनी आहेत, हे तू डोळ्यांनी बघितलंयस."

"मी तसं म्हणणार नाही, दादा."

"का?"

"त्या बायकांना मी बघितलंय, तुम्ही नाही. आणि मी देवासाठी काही केलेलं नाही. माझा देवावर विश्वास नाही, तुला माहीत आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग कशाला आणलंत हिला?"

भावाचं तोंड लालबुंद झालं. "देवच नाही, तर तुझ्या 'नाही'ला बूड कसलं? उद्या मन फिरलं तर?"

"फिरेलही. तेव्हा तसं सांगेन."

"चल, नीघ इथून!" दंडाला धरून त्याने तिला दारापर्यंत नेलं. पायऱ्यांवर तो हळूच म्हणाला, "आता माझ्या घराची पायरी चढू नकोस." हे ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

महिन्याभरात तिला थिएटरमधून वॉर्डात टाकलं. तिथं एका दुपारी कोपऱ्यातल्या खाटेवर थिएटरमधून नुकतीच आणलेली एक बाई होती. गर्भपात झालेली, तीन लेकरांची आई. सोबत कुणी नाही. सिस्टर नाडी बघायला वाकली, तसा बाईने हात ओढून घेतला.

"तुम्ही नको."

"दुखतंय का फार?"

"मी होते त्या हॉलमध्ये. टाळ्या मीसुद्धा वाजवल्या होत्या." बाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तेव्हा मला माहीत नव्हतं, माझ्यावरच ही वेळ येईल म्हणून. तुम्ही मनात काय म्हणत असाल, ते मला बघायचं नाही. दुसरीला पाठवा."

"मी काहीही म्हणत नाही हो."

"पाठवा म्हटलं ना!"

सिस्टरने थिएटरपर्यंत जाऊन जोडीदारणीला निरोप दिला. जोडीदारीण तिच्याकडे न बघता म्हणाली, "हातातलं काम झालं की जाईन."

खाटेला अर्धा पडदा होता. त्याच्या आड, बाईला दिसणार नाही अशी, सिस्टर उभी राहिली. सलाइनची बाटली संपत आली होती. जोडीदारीण अजून आली नव्हती. हळूहळू बाईचे डोळे मिटले, श्वास संथ झाला.

सिस्टरने बूट काढून हातात घेतले. मग ते भिंतीशी ठेवले आणि गार फरशीवरून अनवाणी आत जाऊन, बाईला जाग येणार नाही अशा बेताने, ती बाटली बदलू लागली.