ठोक्याच्या गुडघ्यावरचं स्टिकर

मी ठोक्या बोलतोय. लोखंडी रोबोट. चार भागांच्या एका कॉमिकमध्ये माझा जन्म झाला. तीन भाग छापले, चौथा नाही. तिसऱ्याच्या शेवटच्या चौकटीत मी निळ्यांच्या सरदारावर हात उगारून उभा आहे. त्याला आता वर्ष होईल. एखाद्या माणसाला पाच मिनिटं तसं उभं राहून पाहा म्हणावं.

मी सावकाश बोलतो. रागही माझा सावकाशच, पण तो निवत नाही.

माझी गोष्ट लिहिली अमरावतीच्या किशोरने, चित्रं काढली अकोल्याच्या उसामाने. किशोर टायपिंगच्या दुकानात बसायचा. उसामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याच्या ब्रशला सवड मिळाली. दोघांच्या मधे पडतं मूर्तिजापूर. एक रविवार सोडून एक रविवार दोघं तिथल्या स्टेशनच्या बाकावर भेटायचे. हा गोष्टीचे कागद आणायचा, तो चित्रं. उसामाची बायको महेजबीन डबा द्यायची, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त किशोरच्या पोटात जायचं.

गोष्ट अशी. दूरच्या एका ग्रहावर माणसांनी कापूस वेचायला रोबोट नेले. माणसं निघून गेली, रोबोट राहिले. वंगणाची एकच विहीर उरली, तिच्यावरून तांबडे आणि निळे लढू लागले. मी तांबडा. निळ्यांनी माझ्या भावाचे सांधे खोलून विहिरीत टाकले. तेव्हापासून मी चालतोय.

"उसामाभाई, याचा उजवा हात मोठा झाला," किशोर म्हणाला होता.

"मारणाऱ्याचा हात मोठाच रायते," उसामा म्हणाला, आणि डबा उघडला.

तिसरा भाग लोकांना आवडला. अमरावतीच्या एका कॉलेजने कॉमिकांचा मेळा भरवायचं ठरवलं आणि किशोरला मंचावर बोलावलं. त्याने उसामाला काही सांगितलं नाही. उरलेल्या दोनशे प्रतींच्या कव्हरवर, माझ्या गुडघ्याजवळ, 'चित्रं: उसामा' असं छापलेलं होतं. त्यावर त्याने स्टिकर चिकटवलं: 'कथा आणि चित्रं: किशोर'.

पुढच्या भेटीला तो मूर्तिजापूरला आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. उसामाच्या पिशवीत माझी पेन्सिलने काढलेली पानं होती, म्हणून मला ठाऊक आहे. दोन्ही वेळा डबा भरलेला परत गेला. तेव्हा निळ्यांचा सरदार माझ्या डोळ्यांपुढून हलला आणि तिथे किशोर येऊन उभा राहिला. मला दोनच गोष्टी हव्या होत्या, चौथा भाग आणि बदला.

मेळ्यात प्रणाली नावाची एक मुलगी तिसरा भाग घेऊन त्याच्यापुढे आली.

"सर, चौथा कवा येते?"

"काढून राहिलो ना."

"मंग या पानावर ठोक्या काढून द्या मले."

किशोरने पेन घेतला. बराच वेळ काहीतरी केलं. प्रणालीने पान आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं.

"सर, हा तर माठ दिसून राहिला."

मागची पोरं हसली. हात दुखतो म्हणून किशोरने पेन खाली ठेवला. माठ तर माठ, मी मनात म्हटलं, तुझ्या हातून मी होणारच नाही.

आता पाटी रंगवणाऱ्यांची एक रीत असते. पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरांत आपलं नाव आणि मोबाइल नंबर टाकतात. उसामाच्या हाताला तीच सवय. माझ्या प्रत्येक मोठ्या चित्रात, डाव्या पायाच्या टाचेवर, 'उसामा पेंटर, अकोला' आणि नंबर आहे. किशोरने कव्हर झाकलं, टाच पाहिलीच नाही. प्रणालीने पाहिली. तिने तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोन बोलून राहिलं? मी शिडीवर हाव."

"ठोक्या तुमी काढला का?"

"हो, माहाच आहे. काहून, काही चुकलं का त्यात?"

किशोर स्टिकरवर हात ठेवून उभा होता, जसं काही ते आता झाकता येणार होतं.

पुढच्या रविवारी तो पोतं घेऊन अकोल्याला आला. पोत्यात त्या दोनशे प्रती. उसामा रागावला नाही. "या किशोरभाऊ, चहा घ्या," म्हणाला. चहा झाल्यावर पोतं त्याच्यापुढे सरकवलं. "पयले हे स्टिकरं काढा. मंग चौथ्याचं पाहू."

"नखं वाढवूनच आले असान भाऊ," महेजबीन आतून म्हणाली.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो, स्टुलावर बसतो आणि नखांनी खरवडतो. पासष्ट झाल्या. कव्हर फाटलं तर त्यावर 'चित्रं: उसामा' असं त्याला हाताने लिहावं लागतं. चौथ्या भागाचे कोरे कागद टेबलावर पडून आहेत. उसामाला राग येतच नाही, म्हणून त्याच्या वाट्याचाही मीच धरून बसलोय. स्टिकरखालचा डिंक मी सोडत नाही. खरवडताना माझा गुडघा सोलतो, तरी सोडत नाही.

आज किशोरची दोन नखं तुटली. त्याने हळूच विचारलं, "उसामाभाई, थोडंसं थिनर द्या ना, डिंक पटकन सुटते." उसामाने वर पाहिलं. त्याचा हात थिनरच्या डब्याकडे निघालाय.

उसामाभाई, तुम्ही मला घडवलं, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. चौथा भाग उशिरा काढा, नाहीतर काढूच नका, मी अर्धाच राहीन. पण त्याले थिनर देऊ नका.