ध्वनिव्यवस्था घरची

लोकांचे पैसे परत द्यायची आठवण सरकारला फार उशिरा होते, पण होते. यंदा नगरपालिकेने, कोणी परत न्यायला न आलेल्या अनामत रकमांची यादी इंटरनेटवर टाकली. शेजारच्या वायरमनने मोबाइलवर ती चाळता चाळता आरोळी ठोकली, "माइकमामा, यादीत तुम्ही आहात! मोठं सभागृह, तीन वर्षांपूर्वीची अनामत."

माइकमामाला जराही नवल वाटलं नाही. सभा, संमेलनं, निरोपसमारंभ, कुठेही माइक लावायला तोच जायचा. अधूनमधून सभागृहाची अनामतही पदरची भरायचा आणि विसरून जायचा. त्यातलीच एखादी असणार. जुना अ‍ॅम्प्लिफायर हल्ली मधेच घोगरा व्हायचा. हे पैसे हाती आले की नवा घ्यायचा, हे त्याने जागच्या जागी ठरवून टाकलं.

घरी सांगितलं, तर मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, "नवा कशाला आता?"

बोलली हळू. तिथेच मामाला खटकलं. एरवी मामी एक वाक्य बोलली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. तिला माइक लागत नाही, हा मामाचा आवडता विनोद होता. पण गेल्या महिन्यात त्याच्या खोकल्याच्या तपासण्या झाल्या आणि तिचा आवाजच बसला. रिपोर्ट मेहुण्याने आणला होता. "काही नाही दाजी, साधा खोकला," असं म्हणून त्याने तो कुठे ठेवला, कोण जाणे. त्या दिवसापासून घरात सगळे मऊ बोलत होते. माइक शिट्टी मारायच्या आधी असाच क्षणभर गप्प होतो.

"उन्हाचं तुम्ही कशाला जाताय दाजी?" मामीजवळ बसलेला मेहुणा चपला शोधायला लागला. "मी आणतो की पैसे."

"अरे, माझी अनामत आणि तू आणणार? तुला काय वारस नेमलाय?"

यावर एरवी मेहुण्याने टोला परतवला असता. आज तो एका पायात चप्पल घालून नुसता उभा राहिला.

नगरपालिकेच्या खिडकीपलीकडे बसणाऱ्या बाई मामाला चांगल्या ओळखायच्या. त्यांनी संगणकात नाव घातलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मामा, ही माइकची अनामत नाही हो."

"मग?"

"शोकसभेची आहे."

"कोणाच्या?"

बाईंनी स्क्रीन थोडा त्याच्याकडे वळवला. मग मामाच्याच डोक्यात उजेड पडला, कारण ती पद्धत त्यानेच सुचवलेली होती. एका शोकसभेनंतर दोन भाऊ अनामतीवरून त्याच्या वायरी ओढत भांडले, तेव्हा तो नगरपालिकेच्या साहेबांना म्हणाला होता, "शोकसभेची नोंद गेलेल्या माणसाच्या नावावर करा. तो काही भांडायला येत नाही." साहेबांना ते एकदम पटलं होतं.

आणि आता तो आला होता.

मामाला हसू आलं. तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने तो दवाखान्यात पडला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मेहुणा आधीपासूनच तत्पर माणूस. सभागृह लवकर मिळत नाही, म्हणून घाईने नोंदवून आला असणार. पुढे मामा उठून बसला आणि अनामत परत आणायची कोणाची हिंमत झाली नाही. आणणार तरी कोणत्या तोंडाने!

"जाऊ द्या," मामा म्हणाला. "मी जिवंत आहे, कार्यक्रम झालेला नाही. द्या माझे पैसे."

"ते आता नाही मिळायचे, मामा. यादी लागल्यावर तुमचे मेहुणे येऊन गेले. रक्कम पुढच्या तारखेला वळती करून घेतलीय."

"पुढच्या?"

"येत्या महिन्यातला शेवटचा रविवार."

खिडकीच्या चौकटीला मामाने हात टेकला. खोकला आला, तो त्याने आतच दाबला.

"तो मुहूर्त त्यालाच सोयीचा दिसतोय," तो म्हणाला. "पुढे ढकलता येते का तारीख?"

"येते ना." बाईंचा आवाजही एकदम मऊ झाला. "पण त्यांनी ते नाही विचारलं. अलीकडे ओढता येईल का, ते विचारत होते."

मागे रांगेत कोणी तरी चुळबुळ करत होतं. मामाने काचेला नाक लावलं. "आणि माइक कोणाचा?"

बाईंनी वाचलं, "ध्वनिव्यवस्था, घरची."

तो घरी पोचला तेव्हा मामी आणि मेहुणा समोरासमोर बसले होते. दार वाजताच दोघं गप्प झाले. मामाने कोपऱ्यातला जुना अ‍ॅम्प्लिफायर पुढ्यात ओढला आणि त्याच्यावरची धूळ बाहीने पुसायला लागला.

"मोठ्या सभागृहाचं बघून आलो," तो म्हणाला.

मग त्याने अ‍ॅम्प्लिफायरवर टिचकी मारली.

"ह्याचा आवाज तिथल्या मागच्या रांगेपर्यंत जात नाही. मधेच घोगरा होतो. भर सभेत लाज जाईल. नवाच लागणार."

लग्न झाल्यापासून त्याने आणलेल्या प्रत्येक वस्तूवर मामीने आधी तोंडसुख घेतलं होतं. स्पीकर आणला तेव्हा ती दोन दिवस माहेरी जाऊन राहिली होती. आताही ती वाद घालेल, निदान "पैसे झाडाला लागलेत का" एवढं तरी म्हणेल, म्हणून मामा पाठमोराच थांबला. तिने वाद घातला असता तर रिपोर्ट खरंच साध्या खोकल्याचा असता.

"घ्या," मामी म्हणाली. "चांगला घ्या. उद्याच घ्या."

मामाचा हात बटणावर थांबला.

मग तो मेहुण्याकडे वळला आणि कामाच्या वेळी बोलायचा तशा कोरड्या आवाजात म्हणाला, "हे बघ, बोलताना माइक तोंडात घालू नकोस. वीतभर अंतर ठेव. आणि फुंकर मारून तपासू नकोस, लोक दचकतात."

मेहुण्याने मन लावून ऐकलं आणि मान डोलावली. आपण मान डोलावली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.