ओटीचे तांदूळ

"वन्सं, हात धुवा नि पाटावर बसा," सखू म्हणाली. तिच्या ताटात तांदूळ, नारळ आणि खण होता.

पडवी सारवणाऱ्या हौसाचा हात थांबला. भावजय ओटी भरते ती माहेरवाशीण निघताना. हौसा कुठे निघाली होती? गिरणीने सूत गुंडाळायच्या नळीखात्यातल्या बायका कमी केल्या, म्हणून ती कायमची परत आली होती. वळकटीची दोरीसुद्धा अजून सुटली नव्हती.

नवऱ्याने टाकलं तेव्हा ती मुंबईला गेली. अर्धी जिंदगी सुताची तुसं छातीत ओढली आणि पगार भावाला, भागोजीला पाठवला. त्यावर हे चिऱ्याचं घर उभं राहिलं, मागची आंब्याची कलमं लागली. सगळं त्याच्याच नावावर. बहिणीच्या पैशावर कौलं चढवायची आणि बहिणीला पाहुणी म्हणायचं, याला आपल्याकडे रीत म्हणतात. मी चोरी म्हणतो.

सखू गोड आवाजात समजावत होती. पावसाच्या आत बोटी बंद होतील, मग नारळी पौर्णिमेपर्यंत अडकून पडाल. मुंबईत वळखीपाळखी आहेत, कामाला काय तोटा.

भागोजी कोयत्याला धार लावत होता. धार आली होती, तरी घासत होता.

"भागोजी, तू सांग. जाव मी?"

"तुला कधी नाय म्हटलंय काय गो बाय? पन माहेर म्हंजे माहेर. बाईमानूस तिथं किती दिस ऱ्हानार?"

ओटी नाकारणं म्हणजे भावाच्या घराचं वाईट चिंतणं. हौसाने हात धुतले, पाटावर बसून पदर पसरला. रीतीप्रमाणे चार दाणे ताटात परत टाकले. मग वळकटी उचलून ती पायऱ्या उतरली. सखूने सुटकेचा श्वास सोडला.

पण हौसा बंदराच्या वाटेला लागलीच नाही. ती घराला वळसा घालून मागे कलमाखाली गेली. घर बांधताना उरलेले चिरे तिथे पडले होते. तिने त्यातले तीन चुलीसारखे मांडले, वाळक्या पानांचा पातेरा गोळा केला, वळकटीतून मुंबईचा टोप काढला.

भागोजी धावत आला. "बाय, ह्या काय करतंस?"

"ओटीचं तांदूळ माहेरी शिजवत नायत रे. आपल्या घरी शिजवायचं असतात."

तो कोयता घेऊन तसाच उभा राहिला. पाऊस लागल्यावर या चिऱ्यांवर जाळ टिकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हौसा वाकून फुंकर घालू लागली. मधेच खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरेपर्यंत ती थांबली आणि तिने पुन्हा फुंकर घातली.